शेवटच्या झाडाला चादरी पुरल्या नाहीत

३ मार्च

उद्यान खात्याच्या मोठ्या मॅडम यांना,

पाकिटावरचं अक्षर भट्टीवालीचं आहे. माझं असतं तर तू न फोडताच टोपलीत टाकलं असतंस. भट्टीवाली म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत बॉयलरवर असते ती. तिचं अक्षर माझ्याहून भयंकर आहे, पण तुझ्या ओळखीचं नाही, एवढं पुरे.

फोन तू उचलत नाहीस. ऑफिसात दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा शिपाई म्हणाला, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्या वेळी आतून तुझा खोकला ऐकू आला. तो खोकला मी तुझ्या दुधाच्या दातांपासून ऐकत आलेय, मला मीटिंगा शिकवू नकोस. पण शिपायाशी काय भांडायचं? आले निघून.

आता कामाचं. हॉस्पिटलच्या मागे, आम्ही चादरी वाळत घालतो त्या आवारात, निलगिरीची ओळ आहे. तिच्यावर वटवाघळं राहतात. ती झाडं तोडा, असा अर्ज तुमच्याकडे आला आहे. त्यावर पहिली सही माझी आहे. ती खोडून टाक.

तू म्हणशील, हिचं डोकं फिरलं. वटवाघळांचं आणि माझं वैर तुला माहीतच आहे. पहाटे परत येतात आणि येताना आमच्या धुतलेल्या चादरींवर जे काय सोडायचं ते सोडतात. मग त्याच चादरी पुन्हा उकळा. मी बादली बडवायचे, शिव्या घालायचे, वरून ती माझ्याकडे उलटी लटकून बघत राहायची, जसा काही मीच तमाशा आहे. अर्ज करायची अक्कल माझीच. सुपरवायझरने लिहून दिला. त्याला आम्ही इस्त्री म्हणतो, कारण त्याच्या तोंडावर कधी सुरकुती पडत नाही, हसण्याचीसुद्धा. मी सही केली, माझ्यामागे सगळ्या बायांनी केली.

गेल्या आठवड्यात एक मादी माझ्या टोपलीत पडली. ओल्या चादरींच्या टोपलीत, धप्पकन. उन्हाळा अजून लागायचाय, आणि ऊन बघ कसं पडलंय. मेलेलीच होती. फडक्यात धरून फेकायला निघाले, तर पंखाखाली काहीतरी हललं. पिल्लू. आईला घट्ट धरून बसलेलं. सोडवायला गेले तर सुटेना. एक पाय सोडवला की दुसऱ्याने धरायचं. मी म्हटलं, अगं बाई, गेली ती, सोड आता. तरी नाही.

मला प्राण्यांचं वेड नाही. मांजर दारात आलं तर मी खराटा उचलते. पण ते पिल्लू सोडवल्यावर मी बराच वेळ तिथेच उकिडवी बसून राहिले. इस्त्री ओरडला, तरी उठले नाही.

इथे एक प्राण्यांची डॉक्टर आहे, तरुण पोरगी, तिला बोलावलं. ती म्हणाली, ही वटवाघळं मुळात इथली नव्हेतच. वर नदीकाठच्या रानात राहायची. नदी उन्हाळ्याआधीच आटायला लागली, काठची झाडं वाळली, फळं गेली, म्हणून ती शहरात आली. आणि आमच्याच आवारात का? तर लाँड्रीचं सांडपाणी त्या निलगिरीच्या मुळाशी जातं. सगळीकडची झाडं करपतात, आमची तेवढी हिरवी. म्हणजे इतकी वर्षं मी जे पाणी उपसून टाकत होते, त्यावर ही बया जगत होती, आणि मीच वर तिला शिव्या देत होते.

तेव्हा सही खोड. तुझ्यामाझ्यात जे आहे ते आहे. त्याचा वटवाघळांशी संबंध नाही.

पहिली सहीवाली


२२ मार्च

मॅडम,

उत्तर मिळालं. ‘आपले पत्र प्राप्त झाले असून सदर प्रकरण विचाराधीन आहे.’ खाली तुझी सही. तुझ्या प्रगतीपुस्तकावर बाबांची सही मी ज्या वळणाने मारायचे, तेच वळण. म्हणजे तेवढं तरी माझ्याकडून शिकलीस.

‘सदर’ म्हणजे काय, ते इस्त्रीला विचारलं. म्हणाला, सदर म्हणजे तेच ते. मग ‘तेच ते’ लिहायला काय धाड भरली होती?

पिल्लू जगलं. भट्टीवालीने त्याचं नाव जळमट ठेवलंय. कपडे वाळत घालायच्या आतल्या खोलीत दोरीला लटकतं, टॉवेलात गुंडाळलेलं, नुसतं तोंड बाहेर. तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, कान मात्र कोणाचे तरी उसने आणल्यासारखे. ड्रॉपरने दूध पितं आणि पिऊन झालं की जीभ काढून माझ्याकडे बघतं. निर्लज्ज आहे.

डॉक्टरणीने आम्हाला सुया टोचून घ्यायला लावल्या. म्हणते, हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही, ही जनावरं रोग आणतात. म्हटलं, माणसं काय कमी आणतात? त्यांच्याच चादरी धुते मी. तर हसली. पोरगी चांगली आहे, पण तिला एक खोड आहे. कुठलीही गोष्ट ‘अ’पासून सुरू करते. मी म्हणते, बाई, तू मला ‘ज्ञ’ सांग, मला मशीन लावायचंय.

आई म्हणायची तेच. थोरली अर्धं ऐकते आणि पूर्ण बोलते.

आईचं नाव निघालं लिहिता लिहिता. राहू दे. आई गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला काय बोलले, ते मला पाठ आहे. ते परत घ्यायला ही पत्रं लिहीत नाही. बोलले ते बोलले. असल्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवून कोणी ऑफिसला जात नाही.

सदर प्रकरणाचं बघ.

तीच ती


१४ एप्रिल

तुझी माणसं येऊन गेली. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर चुन्याने फुली मारली. मी विचारलं, हे काय? तर एकजण म्हणाला, मावशी, महिनाअखेर साफ होतील, तुम्हाला आता त्रास नाही. मी म्हटलं, त्रास तूच आहेस. तो म्हणे, अर्ज तुम्हीच केलात ना?  

बायांना सांगितलं, नवा कागद करू, तोडू नका म्हणून. त्या म्हणाल्या, तुझं काय ते एक ठरव बाई, आम्ही काय तुझ्या सह्यांच्या मशीन आहोत? पण केल्या. तुझ्याकडे आला असेल.

तुझ्या दुसऱ्या छापील उत्तराच्या खाली पेनाने लिहिलंय, ‘पाणी पीत जा.’ पिते.

इथे काय चाललंय ते ऐक. वॉर्डांत ऊन लागलेली माणसं जमिनीवर झोपवलीत. चादरींचे डोंगर येतात. बॉयलरच्या खोलीत उभं राहवत नाही. भट्टीवाली दोनदा चक्कर येऊन पडली, तिला तिच्याच धुतलेल्या चादरीवर झोपवलं. म्हणाली, कांजी जास्त झालीय गं हिला. त्या अवस्थेत!

आणि झाडांवर सकाळपासून पंखे चालू. सगळी वटवाघळं एका पंखाने स्वतःला वारा घालत बसतात. लांबून बघितलं तर सगळं झाडच धापा टाकतंय असं वाटतं. डॉक्टरणीने ओळखायला शिकवलंय. आधी वारा घालतात. मग भागत नाही, तेव्हा थुंकीने पंख ओले करतात. मग सावलीसाठी बुंध्यावर खाली सरकतात, एकावर एक घोस करून बसतात. घोस झाला की समजायचं, संपत आलं. त्याच्यापुढे पडतात. सगळ्यात आधी पिल्लंवाल्या आया, कारण त्यांच्या अंगावर दुसऱ्याचं ऊन असतं.

पाऊस नाही, ढग नाही. ती म्हणते, असं ऊन पूर्वी एखाद्या वर्षी यायचं, आता दर वर्षी येतं आणि लवकर येतं. त्यांच्या अंगाला इतकं सोसायची सवय नाही, आणि सवय लागायला जेवढा काळ लागतो तेवढा कोणी देत नाही. जायला दुसरं रानही उरलेलं नाही.

मग मला सुचलं. आपण लाँड्रीवाल्या. आपल्याकडे पाणी आहे, दोऱ्या आहेत, आणि वॉर्डातून बाद झालेल्या चादरींचा ढीग आहे. ऊन वाढलं की झाडांभोवती ओल्या चादरी बांधायच्या. सावलीही होईल, गारवाही. डॉक्टरणीला सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, “ताई, कल्पना भारी आहे. फक्त एक लक्षात ठेवा—”

म्हटलं, ठेवते. आणि इस्त्रीकडे चादरी मागायला पळाले. तो कपाटाला कुलूप घालून घरी जायच्या बेतात होता, तेवढ्यात गाठलं. म्हणाला, बाद चादरींची पण नोंद असते. मी म्हटलं, तुमच्या अब्रूचीही असते का? दिल्या.

तर तुमच्या फुल्या पुसा. आम्ही आमचं करतोय, तुम्ही तुमचं करा.

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

आता घाई करू नका. तोडायची असली तरी घाई नाही.

परवा झालं. सकाळी कामावर आले, तेव्हाच लोखंडी फाटकाला हात लावता येत नव्हता. वारा होता थोडा, तोही गरम. आम्ही सगळ्या लागलो. चादरी हौदात बुडवायच्या, पिळायच्या नाहीत, तशाच निथळत न्यायच्या आणि खांबापासून खांबापर्यंत, झाडाला चारी बाजूंनी फिरवून बांधायच्या. उंच शिडीवर भट्टीवाली. तिला म्हटलं, चक्कर येईल तुला. म्हणाली, आली तर खाली तू आहेसच, मऊ पडेन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी ओळ बांधून झाली. शेवटच्या झाडाला चादरी पुरल्या नाहीत.

आणि ती खाली आली, खरंच. वरून एकेक सरकत आमच्या चादरींच्या सावलीत आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. इस्त्रीसुद्धा खिडकीत येऊन उभा होता आणि मी शपथेवर सांगते, त्याच्या तोंडावर सुरकुती होती.

दुपारी वारा पडला. पानसुद्धा हलेना.

मग पडायला लागली. फळ पडल्यासारखा आवाज नाही होत. ओला कपडा फरशीवर टाकावा तसा होतो. आधी एक, मग जरा थांबून एक, मग थांबायचंच नाही. आम्ही चादरींवर पाणी मारत राहिलो, पाइप लावला, बादल्या ओतल्या. जितकं पाणी मारलं तितकी पडत राहिली. भट्टीवाली रडत होती आणि पाणी मारत होती. मी तिच्यावर ओरडले, रडतेस काय, मार पाणी.

पिल्लं जिवंत होती, बरीचशी. मेलेल्या आयांना धरून. ती सोडवायचं काम मला येत होतं, म्हणून मी केलं. टोपल्या भरल्या. ज्या टोपल्यांत मळकी चादर टाकतो, त्याच.

डॉक्टरीण आली तेव्हा दिवस उतरला होता. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, तिथेही हेच चाललं होतं, सगळीकडे हेच होतं. आवारात शिरली आणि पडलेल्यांकडे बघायच्या आधी चादरींकडे बघत उभी राहिली.  मी म्हटलं, ऊनच तसं होतं. ती म्हणाली, “हो ताई. ऊन होतंच.”

आणि खाली बसून माझ्याबरोबर पिल्लं सोडवायला लागली.  

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली. पोत्यांत भरून नेली. गाडीवाल्याने तोंडाला रुमाल बांधला होता, तो मला म्हणाला, मावशी, बाजूला व्हा, वास येतो. मी झाले बाजूला.

ऊन आहे हे. आपल्या हातात नाही.

ताई


८ मे

धाकटे,

तुझा हुकूम आला. ‘सदर वृक्ष तोडण्यात येऊ नयेत.’ कायमसाठी, शिक्क्यासकट. इस्त्रीने तो काचेत घालून भिंतीला लावला. तुझ्या वरच्यांशी भांडावं लागलं असेल तुला. कोणी सांगितलं नाही, पण मला कळतं, सरकारी कागद असा एकाएकी सरळ येत नाही.

झाडं राहिली. आता त्यांवर लटकायला कोणी नाही.

खरं सांगायचं तर अगदीच नाही असं नव्हतं. शेवटच्या झाडावरची बरीच वाचली होती. चार दिवस होती. मग एका संध्याकाळी उडाली आणि पहाटे परत आली नाहीत. कुठे गेली कोणास ठाऊक. डॉक्टरीण म्हणते, गेली असतील पुढे, जिथे थोडं हिरवं दिसेल तिथे. मी विचारलं, आहे का पुढे हिरवं? ती म्हणाली, माहीत नाही.

चादरी आता अगदी स्वच्छ वाळतात. एक डाग नाही. भट्टीवाली परवा म्हणाली, किती वर्षं हेच मागत होतीस ना गं? मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पेपरवाला येऊन गेला. आमचा फोटो छापलाय, मागे झाडं आणि चारी बाजूंनी चादरी. वर मोठ्या अक्षरांत, लाँड्रीतल्या भगिनींची माया. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून प्रत्येकीला एकेक फूल दिलं. वॉर्डातले पेशंट मला हात जोडतात. मी त्यांच्या अंगाखालची चादर ओढून घेते आणि निघते.

तू हुकुमाबरोबर चिठ्ठी घातलीस. ‘फोटो पाहिला. आई असती तर तिला तुझा अभिमान वाटला असता.’

असलं लिहू नकोस मला.


१९ मे

मुंगे,

किती वर्षांनी या नावाने हाक मारली. साखरेच्या डब्यात सापडायचीस म्हणून हे नाव पडलं. आता मोठ्या मॅडम झालीस, तरी या पत्रापुरती मुंगीच राहा, कारण मॅडमना हे लिहिता येणार नाही.

काल डॉक्टरीण पिल्लं तपासायला आली होती. सगळी आता आतल्या खोलीत दोरीवर असतात, जळमट त्यांच्यात सगळ्यात थोरलं. चादरी एका दोरीवर, पिल्लं दुसरीवर. काम झाल्यावर मी तिला म्हटलं, त्या दिवशी तू मला काय लक्षात ठेवायला सांगत होतीस?

ती म्हणाली, “जाऊ दे ना ताई, आता कशाला?”

म्हटलं, सांग.

“नको.”

“अगं सांग म्हणते ना.”

मग हळूच म्हणाली, “वाऱ्याची बाजू मोकळी ठेवा, एवढंच सांगायचं होतं.”

मला तिने सांगायच्या आधी माहीत होतं गं. त्या दिवशी दुपारीच माहीत झालं होतं. मी एका चादरीखालून आत शिरले होते, खालच्या फांदीवरचं पिल्लू घ्यायला. आत काय होतं सांगू? बॉयलरची खोली होती. ओली, कोंदलेली, नाकात न शिरणारी हवा. पाणी सुकायला वारा लागतो. वारा नसेल तर पाण्याची नुसती वाफ होते आणि वाफेत अंगावरचा घाम वाळत नाही. हे मला कोणी शिकवायला पाहिजे होतं का? मी आयुष्य त्या वाफेत काढलंय. चादर बंद खोलीत वाळत नाही, हे लाँड्रीतली पहिल्या दिवसाची बाई सांगेल. आणि आम्ही सगळ्या जुन्या बाया. एकीलाही सुचलं नाही, कारण गारवा द्यायच्या घाईत होतो. चारी बाजूंनी बांधलं. सावली मिळतेय बघून ती बिचारी आपणहून आत आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि आतून बाहेर आल्यावर मी काय केलं असेल? चादरी सोडायला पाहिजे होत्या. मी भट्टीवालीला ओरडले, आणखी पाणी मार. मला वाटलं, सोडल्या तर सगळ्यांना कळेल. नाही, तसंही नाही. मला वाटलं, मी चुकीची असूच शकत नाही, पाणीच कमी पडतंय.

ज्या झाडाला चादरी पुरल्या नाहीत, तिथली वाचली.

डॉक्टरीण म्हणते, त्या उन्हात तशीही पुष्कळ गेली असती, दुसरीकडे चादरी नव्हत्या तिथेही गेली. खरं असेल. मी तिला विचारलं, आमच्यामुळे जास्त गेली का? ती पिल्लांचे टॉवेल नीट करायला लागली. ती खोटं बोलत नाही. भट्टीवालीला मी अजून सांगितलेलं नाही. तिने पेपरातला फोटो बॉयलरच्या वर चिकटवलाय.

पिल्लांचं पुढे काय, ते विचारलं. वाढतील, उडतील. पण कुठे जायचं, कुठलं फळ कधी पिकतं, रात्री कुठल्या वाटेने जायचं आणि परत कसं यायचं, हे त्यांना थव्यातली मोठी शिकवतात. इथे मोठी कोणी उरलेली नाहीत. ती दुसऱ्या थव्याजवळ नेऊन सोडायची म्हणते, पण असा थवा राहिला आहे कुठे, त्याचा शोध चालू आहे. संध्याकाळ झाली की जळमट टॉवेलातून पंख काढतं आणि खिडकीकडे तोंड करून थांबतं. पूर्वी याच वेळेला बाहेर आभाळ काळं व्हायचं त्यांनी. आता ते बघतं आणि बाहेर काही नसतं. मग मी खिडकी लावून घेते.

नाही. हल्ली लावत नाही. उघडी ठेवते.

हे सगळं तुला का लिहिते, ते तुला कळलं असेल, तू माझ्यासारखी अर्धं ऐकणारी नाहीस.

गेल्या वर्षी टीव्हीवर सांगत होते, म्हाताऱ्यांना जपा, दारं-खिडक्या लावा, पडदे ओढा, गरम हवा आत येऊ देऊ नका. तू तसंच केलंस. पंखा चालू ठेवलास, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलास आणि ऑफिसातली दोन कामं उरकायला गेलीस. वीज जाईल, हे तुला कोण सांगणार होतं? तू आईला गारवा देत होतीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, तू मारलंस तिला. कोणी मला गप्प बस म्हटलं नाही, कारण मला गप्प बस म्हणायची कोणाची हिंमत नसते.

मला तर निदान सांगायला कोणीतरी आलं होतं.

मी पोचले तेव्हा तू दारात उभी होतीस. आईला पुसत होतीस त्या ओल्या फडक्याने तुझे हात गार पडले होते, ते मी बघितले होते. तू म्हणालीस, “ताई, मी आले तेव्हा आई जागी होती, ती मला म्हणाली—” आणि मी तुझं वाक्य तोडलं. मला ज्ञ कळला होता. आई गेली होती. बाकीची अक्षरं ऐकून काय करायचंय, असं वाटलं.

एक वर्ष झालं, मला माहीत नाही आई काय म्हणाली.

रविवारी लाँड्री बंद असते. मागच्या फाटकाने ये, शिपाई वगैरे कोणी नाही इथे. झाडं बघ, तूच राखलीस ती. जळमट दाखवते. मग आतल्या खोलीत बसू, खिडक्या उघड्या असतील, आणि तू मला अ पासून सांग.

मी मधे बोलणार नाही.

ताई